मारलेल्या गवतात थेट पेरणी: पीक पिवळं पडलं तर दोष औषधाचा की गवताचा?

इंदूरजवळच्या सांवेरच्या पुढे, शिप्रेच्या अंगाला आमचा पाच एकरांचा एक तुकडा आहे. बारा-तेरा वर्षं काकांनी तो गवतालाच सोडला होता. दिवाळीनंतर कापणी व्हायची, पेंढ्या गवळ्याकडे जायच्या, बाकी वर्षभर तिकडे कोणी फिरकत नसे. २०१९ मध्ये मी हट्टाला पेटलो. नांगर लावायचा नाही, गवत औषधाने मारायचं आणि झीरो टिल ड्रिलने (न नांगरता चर पाडून बी टाकणाऱ्या यंत्राने) सरळ सोयाबीन पेरायचं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फवारलं, चौथ्या दिवशी पेरलं.

पंधराव्या दिवशी शेत बघवत नव्हतं. धुऱ्यालगतच्या, म्हणजे बांधालगतच्या, रोपांचे देठ पिळवटलेले. खोलगट भागात रोपंच नाहीत, चर उकरला तर बी मऊ पडलेलं आणि आंबूस वास. उरलेलं शेत फिकट पिवळं. काका म्हणाले, "औषध मातीत मुरलंय, आता दोन वर्षं काही यायचं नाही." ज्याच्याकडून औषध घेतलं तो दुकानदार म्हणाला, "हे औषध मातीत राहतच नाही, बियाणंच हलकं असणार." दोघांचंही अर्धंच खरं होतं. त्या एका शेतात तीन वेगळे आजार होते, आणि ज्या औषधावर सगळ्यांचा राग होता त्याचा मातीतला अंश त्यांपैकी एकाच्याही मुळाशी नव्हता.

तेव्हापासून मी जे क्रमाने करतो ते इथे लिहितोय. माळव्याच्या काळ्या मातीचा हिशोब धरून लिहितोय; मुरमाड किंवा लाल माती असेल तर काही गोष्टी बदलतील.

आधी एक खुलासा. हे सगळं स्वतःच्या पडीक जमिनीबद्दल आहे. चरनोई, म्हणजे गायरान, गावाची असते, तिच्यावर पंप घेऊन जायचा विचारही नको. आणि तुमच्या बीडात, म्हणजे गवताच्या रानात, पवन्या, मारवेल अशी चांगली गवतं दाट असतील तर ती मारण्याआधी चाऱ्याचा भाव एकदा विचारून घ्या. सैलाना, सरदारपूरकडच्या गवताळ पट्ट्यांत तर पावसाळ्यात खरमोर पक्षी अंडी घालायला येतो. तिकडच्या लोकांनी तेवढं लक्षात ठेवलं तर बरं.

पहिलं काम: शेताचा औषधांचा इतिहास

गवत मारायला आज कोणतं औषध घेताय त्यापेक्षा मागच्या दोन-तीन वर्षांत त्या जमिनीत आणि शेजारी काय पडलंय, हे जास्त महत्त्वाचं. जमीन बटाईने दिली असेल तर बटाईदाराला विचारा. तो "काही नाही मारलं" म्हणाला तरी धुऱ्यावरच्या, विहिरीजवळच्या रिकाम्या बाटल्या बघा. मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं रसायनाचं नाव वाचा.

त्या नावांचे माझ्या वहीत दोन गट आहेत.

पहिला गट मातीला चिकटून निकामी होणारा. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट यात येतात. काळ्या मातीत चिकणकण भरपूर असतात आणि ही दोन्ही रसायनं त्यांना घट्ट धरून बसतात. एकदा मातीला चिकटली की मुळांना मिळत नाहीत. दुकानदाराचं म्हणणं खरं होतं ते एवढ्यापुरतं.

दुसरा गट मातीत जागा राहणारा. मक्यातलं अॅट्राझिन, गव्हातलं मेटसल्फुरॉन आणि सल्फोसल्फुरॉन, सोयाबीनमधलं इमाझेथापायर आणि क्लोरीम्युरॉन. यातल्या मेटसल्फुरॉनसारख्या सल्फोनिल-युरिया औषधांचं आपल्या मातीशी जमत नाही. आम्लधर्मी मातीत ती पाण्याच्या क्रियेने लवकर तुटतात. आपल्या मातीचा सामू (pH) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर असतो, तिथे ती क्रिया मंदावते आणि सगळं काम जिवाणूंवर येतं. जिवाणूंना ओल लागते. जानेवारीत गव्हावर मारलेलं औषध फेब्रुवारी ते जून कोरड्या, भेगाळलेल्या मातीत जवळजवळ तसंच पडून राहतं. कॅलेंडरवर सहा महिने दिसतात, पण मातीच्या लेखी त्यातले कामाचे दिवस थोडेच. सल्फोसल्फुरॉननंतर ज्वारी आणि मका दगा देतात, मेटसल्फुरॉनची झळ डाळवर्गीय पिकांना आणि मोहरीला लागते.

२,४-डी या दोन्हींच्या मधलं. ओल्या, गरम मातीत ते काही आठवड्यांत संपतं, पण मधल्या काळात सोयाबीन, हरभरा, कापूस, भाजीपाला पेरला तर पिळवटतो. माझ्या धुऱ्याचा आजार हाच होता. गड्याने गाजरगवतासाठी धुऱ्यावर २,४-डी मारलं आणि हात सैल सोडून तीन-चार फणांच्या रुंदीएवढं आत शेतातही मारलं. मी चौथ्या दिवशी तिथे सोयाबीन पेरलं. आता धुऱ्यावर २,४-डी पडलं असेल तर त्या पट्ट्यात मी महिनाभर पेरत नाही.

ग्लायफोसेटबद्दल कायद्याची बाजूही सांगून ठेवतो. भारतात त्याची नोंदणी चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी आहे, आणि ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं आहे. तेव्हा "घ्या डबा, मारा स्वतः" असं कोणी सांगत असेल तर त्याचा सल्ला बाकी बाबतीतही तपासून घ्या. पॅराक्वाट मी घरात ठेवत नाही. त्याचा एक घोट माणसाला पुरतो आणि त्याच्यावर उतारा नाही. शिवाय ते फक्त हिरवा भाग जाळतं. हराळी, कुंदा, कांस यांच्या जमिनीखालच्या काड्या जिवंत राहतात आणि तीन आठवड्यांत गवत पुन्हा वर.

दुसरं काम: उलटा हिशोब

माझी मूळ चूक फवारणीत नव्हती, महिन्यात होती.

मुळापर्यंत जाणारं औषध फक्त हिरव्या, वाढत्या गवतावर चालतं. आपल्याकडे गवत जानेवारीपासून वाळलेलं असतं. पाऊस जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो, गवत नीट हिरवं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोवर जुलै उजाडतो. सोयाबीन तर शंभर मिलिमीटर पाऊस झाला की, म्हणजे जूनच्या शेवटापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरलेलं बरं. मग माणूस घाई करतो आणि आज फवारून परवा पेरतो. गवताला मरायलाच दहा-पंधरा दिवस लागतात. त्या काळात त्याची मुळं सडतात आणि त्यांच्यावर पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरश्या पोसल्या जातात. शेजारी कोवळं मूळ दिसलं की त्या तिकडे वळतात. मरणाऱ्या मुळांतून औषधाचा थोडा अंशही अगदी जवळच्या रोपाला मिळू शकतो. मातीला चिकटण्याआधीच तो हातोहात दिला जातो. फवारणी आणि पेरणी यांच्यात दोन-तीन आठवडे ठेवले की या दोन्ही कटकटी बऱ्याच ओसरतात.

म्हणून आता माझा क्रम असा: जुलैच्या शेवटी गवत कापायचं आणि चारा घ्यायचा. महिनाभरात ते वीतभर फुटतं. भाद्रपदात, उघडीप बघून, फवारायचं. त्या दिवसांत गवत अन्न खाली मुळांत साठवत असतं, त्याबरोबर औषधही खाली जातं. ऑक्टोबरच्या शेवटी हरभरा किंवा नोव्हेंबरात गहू. मध्ये पाच-सहा आठवडे मिळतात आणि मातीत ओल असते, म्हणजे जे काही विरघळायचं, कुजायचं ते कुजतं. खरीपच हवा असेल तर याच भाद्रपदात मारा आणि पुढच्या जूनमध्ये पेरा. हे ऐकून लोक तोंड वाकडं करतात, एक हंगाम गेला म्हणतात. मी २०१९ मध्ये हंगामही घालवला आणि बियाणंही.

आधी कापण्याचा दुसरा फायदा म्हणजे मेलेल्या गवताची गादी पातळ राहते. तिची गरज पुढे दिसेलच.

तिसरं काम: फवारणी

यात फार लिहिण्यासारखं नाही, पण तीन गोष्टी नेहमी चुकतात. पाणी स्वच्छ हवं. नाल्याच्या गढूळ पाण्यातली माती ग्लायफोसेटला पंपातच धरून ठेवते. बोअरचं पाणी जड असतं, त्यातलं कॅल्शियम औषधाची ताकद मारतं. अमोनियम सल्फेट आधी विरघळवून मग औषध घातलं की बरंच सावरतं. आणि वळताना पंप बंद. शेताच्या टोकाला गडी वळतो तेव्हा नळी चालूच असते, तिथे दुप्पट डोस पडतो. मातीत राहणाऱ्या औषधाच्या बाबतीत पुढच्या वर्षी तेवढीच जागा बोंबलते.

अर्धवट मेलेलं गवत हाही एक आजारच आहे. ते पिकाचं पाणी आणि नत्र पितं, पीक पिवळं पडतं आणि बोल लागतो औषधाला.

फवारलेलं गवत लेबलवर लिहिलेल्या मुदतीआधी गुरांना घालू नका.

चौथं काम: ग्लासातली परीक्षा

या सगळ्यात सर्वात कामाची गोष्ट हीच आणि खर्च शंभर-दीडशे रुपये. प्रयोगशाळेत औषधाचा अंश तपासता येतो, पण त्यासाठी काय शोधायचं ते आधी माहीत असावं लागतं आणि पैसेही बरेच जातात. रोपटं फुकट सांगतं.

पेरणीच्या किमान तीन आठवडे आधी शेतात आठ-दहा ठिकाणची वरची चार बोटं माती घ्या. टोकं, धुरा आणि संशयाची जागा यांची माती वेगळी ठेवा. भेगा पडून गेल्या असतील तर वीतभर खालचाही एक नमुना घ्या, कारण वरची माती भेगांतून खाली गेलेली असते. जिथे कधीच औषध पडलं नाही अशा जागेची, कुंपणाच्या आतल्या कडेची किंवा घरामागची, माती जोडीला आणा. ती त्याच जातीची, काळीच असावी. सगळी सावलीत सुकवून हाताने फोडा. काळी माती ग्लासात आकसते आणि मुळं तोडते, म्हणून सगळ्या नमुन्यांत एक तृतीयांश धुतलेली वाळू सारखीच मिसळा.

मग प्लॅस्टिकचे चहाचे ग्लास, बुडाला भोक. प्रत्येक प्रकारचे तीन-तीन.

पहिल्यात शेताची माती. दुसऱ्यात शेताची माती आणि एक चमचा सक्रिय कोळशाची पूड. तिसऱ्यात स्वच्छ माती. चौथ्यात स्वच्छ माती आणि शेतातल्या मेलेल्या गवताचे बारीक तुकडे, मूठभर, मातीत मिसळून. पाचव्यात शेताची माती आणि उगवणीनंतर युरियाचं अगदी पातळ पाणी, लिटरला चिमूटभर.

सक्रिय कोळसा शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतो. चुलीतला कुटून चालत नाही, मी करून पाहिलंय. प्रत्येक ग्लासात मोहरी आणि मेथीचे चार-पाच दाणे आणि जे पीक घ्यायचंय त्याचे तीन दाणे. अॅट्राझिनचा संशय असेल तर गहू जरूर टाका. पण त्याआधी बियाणं ओल्या पोत्यात गुंडाळून शंभरपैकी किती उगवतात ते बघून घ्या. आमची आजी हे केल्याशिवाय पेटीतलं बी बाहेर काढू देत नसे. बीच कमजोर असेल तर पंधरा ग्लास मांडून उपयोग काय?

ग्लास खिडकीत एका रांगेत ठेवा, पाणी सारखं द्या आणि दोन ते तीन आठवडे थांबा. पाचव्या दिवशी निकाल लावू नका. अॅट्राझिनसारखं औषध बियातलं अन्न संपून खरी पानं आल्यावरच रंग दाखवतं.

वाचायचं असं. पहिला ग्लास खुरटा आणि कोळशाचा दुसरा टवटवीत, तर मातीत औषध आहे; कोळशाने ते धरलं म्हणून रोप वाचलं. पहिला आणि दुसरा दोन्ही खुरटे, तिसरा चांगला, तर कारण औषध नसून खार, बुरशी, दुसरं काहीतरी आहे. चौथा खुरटला तर दोष गवताच्या गादीचा. पाचवा हिरवा झाला तर जमीन नत्राला भुकेली आहे. एक कच्चा दुवा आहे: ग्लायफोसेटवर कोळशाचा फारसा प्रभाव नाही. पण मातीला चिकटलेलं ग्लायफोसेट रोपाला तसंही मिळत नाही, त्यामुळे ही परीक्षा दुसऱ्या गटासाठी आहे असं धरून चाला.

रोपं शेवटी मुळासकट उपटून पाण्यात धुवा. खरी गोष्ट तिथे असते. सल्फोनिल-युरियाचा अंश असेल तर बाजूची मुळं आखूड, बाटली धुवायच्या ब्रशसारखी. वर शेंडा थांबलेला आणि शिरा लालसर-जांभळ्या. पेंडिमेथालिन हे तणनाशक असेल तर मुळांची टोकं गाठीसारखी फुगीर आणि देठ मातीलगत जाड, ठिसूळ. अॅट्राझिनमध्ये मुळं ठीक, पण खालच्या जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग करपलेल्या. २,४-डी तर पिळवटलेल्या देठानेच ओळख देतं.

पाचवं काम: गवताची गादी आणि चर

ब्रिटनमध्ये १९६२ मध्ये पॅराक्वाट बाजारात आलं आणि गवत मारून त्यात थेट पेरायची पद्धत रुळली, तेव्हा तिथेही उगवण न होण्याचं खापर आधी औषधावर फुटलं. काही अंशी ते खरं होतं. पॅराक्वाट मातीत निकामी होतं, पण मेलेल्या गवताच्या पात्यांवर माती नसते. तिथे ते तसंच राहतं आणि गवताच्या गादीवर फेकलेलं बी त्याला स्पर्श करून मरतं. पण त्या थंड, ओल्या चरांत आणखी एक गोष्ट घडत होती, जी संशोधकांनी १९७० च्या दशकात दाखवली: हवा नसलेल्या चरात गवत कुजताना अॅसिटिक आम्ल तयार होतं आणि कोंब मरतो. व्हिनेगरमधलं आम्ल तेच. माझ्या खोलगटातल्या आंबूस वासाचा अर्थ मला फार उशिरा लागला.

म्हणजे बी मातीत पडायला हवं, गवतात नाही. फणापुढची तवी (काडी कापणारी चकती) धारदार नसेल तर काडी कापली जात नाही, दुमडून बियाण्याबरोबर चरात जाते. दर पन्नास पावलांवर चर उकरून बघा. बियाला काडी चिकटलेली दिसली की ड्रिल थांबवा. माती चिमटीत घेऊन वळा. बारीक वळी झाली तर अजून ओली आहे, फण चराच्या भिंती लिंपून टाकेल. दोन दिवस थांबा. पाणी साचणारा खोलगट भाग सोडून दिला तरी चालेल, तिथे वाफसा आल्यावर हाताने टोकण करता येते.

नत्राची गोष्ट इंदूरच्या माणसाला सांगायला नको खरं तर. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथेच होते आणि कंपोस्टची 'इंदूर पद्धत' इथूनच जगभर गेली. ढिगात काडीकचऱ्याबरोबर शेण लागतं, कारण नुसती काडी कुजवायला जिवाणूंना नत्र पुरत नाही. मारलेलं गवत म्हणजे शेतभर पातळ पसरलेला, शेण न घातलेला ढीग. जिवाणू नत्र मातीतून उचलतात आणि पीक महिनाभर उपाशी राहतं. म्हणून पहिलं पीक मी हरभराच घेतो. मुळांवर नत्राच्या गाठी धरल्या की तो आपली सोय बघतो. गहूच घ्यायचा असेल तर पेरणीच्या वेळी एकरी दहा-बारा किलो नत्र नेहमीपेक्षा जास्त देतो, पण बियाण्याच्या चरात युरिया टाकत नाही. तोही कोंब जाळतो आणि मग पुन्हा तोच गोंधळ: औषध की आणखी काही?

तरीही पिवळं पडलं तर

रोपाआधी शेताचा नकाशा बघा. धुऱ्यावर, पाण्याच्या टाकीवर किंवा छतावर चढा. सरळ पट्टे आणि टोकाला गडद डाग असतील तर फवारणी. खोलगटात ठिगळं असतील तर पाणी आणि चर. सगळीकडे सारखा फिकटपणा आणि खालची पानं आधी पिवळी, तर नत्र. पिवळेपणा मेलेल्या गवताच्या ठोंबांभोवती गोल-गोल असेल तर सडणारी मुळं.

नत्र असेल तर दिल्यावर आठ-दहा दिवसांत रंग फिरतो. औषधाचा धक्का हलका असेल तर नवीन पान चांगलं येतं, जुनं तसंच राहतं. तेव्हा नवीन पान बघून ठरवा. शेंडाच थांबला असेल तर वाट बघण्यात दिवस जातात. या वेळी कोणी टॉनिक सुचवतं, कोणी सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी. मी २०१९ मध्ये दोन्ही घेतली. फायदा झाला तो कोळप्याने, चर मोकळे होऊन हवा खेळली म्हणून. फिकट भाग पस्तिसाव्या दिवशी आपोआप हिरवा झाला, गाठी धरल्या होत्या.

पुन्हा पेरायची वेळ आली तर ग्लासांच्या निकालावरून पीक निवडा. मोहरी, मेथी मेली आणि गहू तगला तर तिथे गहूच. गहू मेला आणि अॅट्राझिनचा संशय असेल तर पुढच्या खरिपात मका. मका ते सोसतो. दोन्ही मेले तर ती जागा ओलीत ठेवून एक पावसाळा जाऊ द्या. निदान पक्कं होत नसेल तर मुळासकट उपटलेली रोपं, चांगली आणि वाईट वेगवेगळ्या पिशव्यांत, ओल्या कागदात गुंडाळून इंदूरला खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेत किंवा कृषी महाविद्यालयात घेऊन जा. तणांचं आणि तणनाशकांचं काम करणारी केंद्राची स्वतंत्र संस्था जबलपूरला आहे. सोबत औषधाचं नाव, तारीख आणि पेरणीची तारीख लिहिलेला कागद न्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसती पानं खिशात घालून गेलो होतो. समोरच्या माणसाने मुळं कुठे आहेत विचारलं, आणि मी पस्तीस किलोमीटर परत आलो.